बोलण्याआधी वाचन

मुलाच्या हाती अक्षर कधी द्यावे, हा वाद छापखान्याहून पुष्कळ जुना आहे. कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणक्रमात लिपी आणि संख्यान यांना चौलसंस्कारानंतरचे स्थान दिले. म्हणजे सामान्यतः तीन वर्षांचे, चुरूचुरू बोलणारे मूल त्याच्या नजरेसमोर होते. रोमचा अध्यापक क्विंटिलियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सात वर्षांच्या आत वाचन शिकवू नये असे म्हणणाऱ्या ग्रीक पंडितांशी आपला मतभेद नोंदवून, लहानग्यांना खेळण्यासाठी हस्तिदंती अक्षरे द्यावीत अशी शिफारस केली. जॉन लॉकने १६९३ मध्ये फाशांवर अक्षरे चिकटवून खेळता खेळता ती ओळखायला लावण्याची युक्ती सुचविली. आणि रूसोने १७६२ मध्ये नेमके दुसरे टोक गाठून, आपला कल्पित शिष्य एमील बाराव्या वर्षीही पुस्तक म्हणजे काय हे जेमतेम जाणील, असे मोठ्या अभिमानाने लिहिले. आपल्याकडे पाचव्या वर्षाच्या सुमारास पाटीपूजन करून धुळाक्षरे गिरवून घेण्याचा शिरस्ता होता. या सर्व मतांत वर्षांचे अंतर कितीही असो, मूल आधी बोलेल आणि मग वाचील, एवढी एक गोष्ट मात्र सर्वांनी निर्विवाद मानली होती. तोच क्रम उलटा करून, जिभेला शब्द फुटण्यापूर्वी डोळ्यांना शब्द शिकवावेत, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघाली, फोफावली, आणि अखेर तेथील सरकारी आयोगाच्या फिर्यादीचा विषय झाली. तिच्या या प्रवासाची हकिकत बोधप्रद आहे. कारण वाचन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून जितके स्वच्छ मिळते तितके व्याकरणाच्या ग्रंथांतूनही क्वचितच मिळेल.

या कल्पनेचा प्रमुख पुरस्कर्ता ग्लेन डोमन हा व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ. मेंदूला इजा पोचलेल्या मुलांवर उपचार करण्याच्या हेतूने १९५५ मध्ये त्याने फिलाडेल्फिया येथे एक संस्था स्थापन केली, आणि तेथील अनुभवातून, इजा झालेली मुले जर वाचू शकतात तर धडधाकट तान्ह्या मुलांनी का वाचू नये, असा तर्क करून त्याने १९६४ मध्ये तान्ह्या मुलाला वाचन कसे शिकवावे या विषयावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्याचे युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारे आहेत. कान आणि डोळा ही केवळ मेंदूची द्वारे; अर्थ लावणारा मेंदू एकच; मग कानावाटे आलेला शब्द ज्याला कळतो, त्याला डोळ्यावाटे आलेला शब्द का कळू नये? बोललेला शब्द मुलापर्यंत मोठ्याने, स्पष्टपणे आणि वारंवार पोचतो, लिहिलेला शब्द मात्र बारीक टायपात छापलेला असल्यामुळे त्याच्या कोवळ्या डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा अक्षर मोठे करा, म्हणजे काम झाले, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने सांगितलेली रीत अशी, की पांढऱ्या पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या कापाव्यात, त्यांवर तांबड्या रंगात चांगली पाच इंच उंचीची अक्षरे काढून ‘आई’, ‘बाबा’ यांसारखे घरगुती शब्द लिहावेत, मूल प्रसन्न असेल अशी वेळ साधून पट्टी त्याच्यासमोर धरावी, शब्द मोठ्याने उच्चारावा, क्षणभरात पट्टी मागे घ्यावी, आणि हा प्रकार दिवसातून अनेक वेळा, पण मूल कंटाळण्याच्या आत आटोपून, आनंदाने करावा.

यांतला आनंदाचा आग्रह आणि कंटाळ्यापूर्वी थांबण्याची ताकीद या दोन्ही गोष्टी कोणत्याही शहाण्या आईला पटतील अशाच आहेत. परंतु डोमनने पालकांना आणखी एक कडक सूचना दिली होती : मुलाची परीक्षा घेऊ नका. मुलावर दडपण येऊ नये हा तिचा उघड हेतू होता, आणि त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण तिचा परिणाम असा होतो की, ज्या विद्येची परीक्षाच घ्यायची नाही ती मुलाला आली की नाही, याचा निर्णय शिकविणाऱ्याच्या श्रद्धेवाचून दुसऱ्या कोणाकडेच राहत नाही. डोमनच्या संस्थेच्या मेंदूविषयक उपचारपद्धतीला पुरेसा पुरावा नाही, असा अभिप्राय अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ आणि पुन्हा १९९९ मध्ये जाहीर केला. वाचनाच्या पट्ट्या मात्र जगभर घरोघर पोचल्या, कारण त्यांना ना डॉक्टरची शिफारस लागत होती ना कोणाची परवानगी.

पट्ट्यांची जागा पुढे ध्वनिचित्रफितींनी घेतली. रॉबर्ट टिट्झर नावाच्या शिक्षकाने स्वतःच्या मुलींवर केलेल्या प्रयोगातून तयार केलेला ‘युअर बेबी कॅन रीड’ हा संच, म्हणजे डी.व्ही.डी., शब्दांची कार्डे आणि उघडझाप करायची पुस्तके, मिळून दोनशे डॉलरांच्या आसपास किमतीला, दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या जोरावर तुफान खपला. नऊ महिन्यांचे मूलही वाचू लागेल, असे त्या जाहिराती सांगत. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिराती खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या असल्याची फिर्याद गुदरली. कंपनीने तत्पूर्वीच गाशा गुंडाळला होता. तडजोडीच्या हुकूमनाम्यात १८.५ कोटी डॉलरांची रक्कम लिहिली गेली, आणि ही रक्कम म्हणजे दुसरे काही नसून जानेवारी २००८ पासूनची त्या मालाची एकूण विक्री होती. कंपनीची तिजोरीच रिकामी असल्यामुळे पाच लाख डॉलर भरल्यावर बाकीची वसुली तहकूब ठेवण्यात आली, ही गोष्ट निराळी. परंतु साडेचार वर्षांत केवढ्या आशेची खरेदी-विक्री झाली होती, याची मोजदाद त्या आकड्याने कायमची नोंदवून ठेवली आहे.

कायद्याच्या निकालाने शास्त्राचा निकाल लागत नाही, आणि म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठातील सुसान न्यूमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक मोलाचा आहे. नऊ ते अठरा महिन्यांच्या ११७ मुलांची त्यांनी यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. एका गटाच्या घरी वाचन शिकविणारा माध्यमसंच देऊन तो सात महिने रोज वापरण्यास सांगितले, दुसऱ्या गटाला काहीच दिले नाही. आणि मूल शब्दाकडे पाहताना त्याची दृष्टी कोठे व किती वेळ स्थिरावते हे टिपणाऱ्या यंत्रापासून ते अक्षरओळख, शब्दसंग्रह आणि आकलन यांच्या रीतसर चाचण्यांपर्यंत एकूण चौदा मापांनी दोन्ही गट तोलून पाहिले. तेरा मापांत दोन्ही गटांत काडीचाही फरक आढळला नाही. चौदाव्यात आढळला, पण ते माप मुलांचे नव्हतेच. आपले मूल वाचायला शिकते आहे, असे संच वापरणाऱ्या पालकांना मनापासून वाटत होते.

येथे पालकांना भोळे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. कारण त्या पालकांनी पाहिलेले दृश्य काल्पनिक नव्हते. ‘नाक’ असे लिहिलेली पट्टी दाखविताच वर्षाचे मूल खरोखरच बोट नाकाकडे नेते, ‘कान’ची पट्टी दिसताच कान धरते, आणि हा चमत्कार डोळ्यांनी पाहणाऱ्या आजीला तुमचे मूल वाचत नाही असे सांगायला जावे तर ती सांगणाराचीच कीव करील. मूल येथे एक आकार ओळखते आणि त्या आकाराशी जोडलेली कृती करते; हे सामर्थ्य तान्ह्या मुलाजवळ निश्चितच असते, आणि त्याच सामर्थ्याने ते अक्षराचा गंधही नसताना बिस्किटाचा पुडा दुकानातल्या फळीवरून नेमका हुडकून काढते. प्रश्न इतकाच, की याला वाचन म्हणावे काय?

याची रुजुवात करण्याची एक साधी रीत आहे, आणि आपली देवनागरी तिला विशेष अनुकूल आहे. ज्या मुलाला ‘नाक’ आणि ‘कान’ या दोन पट्ट्या बिनचूक ओळखता येतात, त्याच्यापुढे त्याने पूर्वी कधीही न पाहिलेली ‘काका’ ही पट्टी धरावी, आणि मग ‘नाना’ ही धरावी. या दोन्ही शब्दांत एकही नवे चिन्ह नाही. ‘कान’ मधला ‘का’ दोनदा लिहिला की काका होतो, ‘नाक’ मधला ‘ना’ दोनदा लिहिला की नाना. वाचणारे मूल हे दोन्ही शब्द, अडखळत का होईना, बोलून दाखवील. आकार ओळखणारे मूल गोंधळून पाहत राहील, किंवा पट्टीच्या सुरुवातीच्या साम्यावरून कान धरील. वाचन म्हणजे पाहिलेले पुन्हा ओळखणे नव्हे, तर न पाहिलेले उलगडणे होय. ओळखीच्या पट्ट्या जितक्या तितकेच शब्द, हा हिशोब आकार ओळखणाऱ्या मुलाचा. पन्नासेक चिन्हे आणि त्यांच्या जोडणीचा नियम हाती आला की भाषेतला कोणताही शब्द आपला, हा हिशोब वाचणाऱ्याचा.

आता हा जोडणीचा नियम कळण्यासाठी मुलाजवळ आधी काय असावे लागते, याचा विचार केला म्हणजे डोमनच्या ‘द्वारे दोन, मेंदू एक’ या युक्तिवादातील उणीव दिसू लागते. अक्षर हे वस्तूचे चिन्ह नसून ध्वनीचे चिन्ह आहे. तेव्हा ज्याचे ते चिन्ह, तो ध्वनी मुलाच्या मनात स्वतंत्रपणे उभा असल्यावाचून अक्षराला टेकायला जागाच नसते. आणि ही ध्वनींची जागा तयार होण्याचे कार्य पहिल्या वर्षात, बाहेरून काहीही दिसत नसताना, विलक्षण वेगाने चाललेले असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटतील, कारण त्यांनी त्यासाठी निवडलेल्या ध्वनींत हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांची जोडी होती. म्हणजे ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला जो भेद आपल्याला विचारही न करता कळतो आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला कानात प्राण आणूनही सहसा ऐकू येत नाही, तोच. प्रयोगाची मांडणी मोठी चतुर होती. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला एकच ध्वनी पुन:पुन्हा ऐकवीत. मध्येच ध्वनी बदलला की शेजारच्या पेटीत दिवा लागून एक खेळण्यातला प्राणी हालचाल करू लागे. बदल ओळखणारे मूल थोड्याच वेळात, दिवा लागण्यापूर्वीच, तिकडे मान वळवू लागे. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बहुतेक मुले ‘त’ आणि ‘ट’ यांच्या बदलावर मान वळवीत. दहा ते बारा महिन्यांची मुले मात्र बहुतांशी वळवीत नसत. आपल्या घरच्या भाषेला ज्या भेदाची गरज नाही तो त्यांनी तेवढ्या अवधीत सोडून दिला होता.

म्हणजे जे वय ‘रिकामे’ समजून त्यात वाचन भरायला आपण निघालो, ते वय रिकामे मुळीच नव्हते. त्या वयात मूल आपल्या मातृभाषेची वर्णमाला कानांनी निवडून घेत होते. सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांना खाद्यपदार्थांची आणि शरीराच्या अवयवांची काही नावे बोलता येत नसली तरी कळतात, हे एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. आणि हे शिक्षण कोणाकडून घ्यायचे, याबाबतीतही मूल चोखंदळ असते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळणाऱ्या, डोळ्यांत पाहून बोलणाऱ्या चिनी व्यक्तीकडून ज्यांनी ती ऐकली त्यांनी चिनी ध्वनिभेद आत्मसात केला, आणि तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर किंवा ध्वनिमुद्रणातून ज्यांना मिळाले त्यांनी काहीच घेतले नाही. ज्यूडी डीलोच आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये याच धर्तीवर, बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना शब्द शिकविणारी एक लोकप्रिय डी.व्ही.डी. महिनाभर दाखवून पाहिली. ती न पाहणाऱ्या मुलांपेक्षा ती पाहणारी मुले अधिक शब्द शिकली नाहीत, आणि सर्वांत अधिक शब्द शिकली ती मुले, ज्यांच्या पालकांच्या हाती फक्त शब्दांची यादी देऊन रोजच्या व्यवहारात त्यांना जमेल तसे ते शब्द शिकवा, असे सांगितले होते.

डोळ्यांच्या बाजूनेही घाई फारशी फळत नाही. बोलणे हे मनुष्यजातीइतकेच जुने असावे; लेखनाला मात्र जेमतेम पाच हजार वर्षे झाली, आणि एवढ्या अल्प अवधीत निसर्गाने वाचनासाठी मेंदूत स्वतंत्र दालन बांधून दिलेले नाही. फ्रान्समधील स्तानिस्लास देआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझील येथील निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेल्या आणि बालपणी साक्षर झालेल्या माणसांच्या मेंदूची तुलना करून दाखविले की, वाचायला शिकताना डाव्या मेंदूच्या मागील तळाकडचा, एरवी वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामी येणारा प्रदेश अक्षरांसाठी घडत जातो, आणि भाषेच्या केंद्रांशी त्याचे दळणवळण वाढते. ही जोडणी ज्याच्याशी व्हायची ते भाषेचे केंद्रच अजून आकार घेत असताना अक्षरे घाईने आत ढकलणे म्हणजे धरण बांधण्यापूर्वी पाट खणण्यासारखे आहे.

तरीही काही मुले शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच वाचतात, आणि त्यांचा दाखला देऊन डोमनचे अनुयायी आपली बाजू मांडतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला उत्तर दिले पाहिजे. डोलोरेस डर्किन या अमेरिकन विदुषीने कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात पहिलीत दाखल झालेल्या ५,१०३ मुलांची पाहणी करून, घरीच वाचायला शिकून आलेली ४९ मुले शोधून काढली आणि त्यांच्या घरांचा तपास केला. कोणा ठराविक पद्धतीचे शिक्षण त्या घरांत सर्रास चाललेले नव्हते. तेथे होते ते वाचून दाखविणारे वडीलधारे, कागद-पेन्सिल, आणि ‘हे काय लिहिलंय?’ या मुलाच्या प्रश्नाला न कंटाळता उत्तर देणारे कोणीतरी. पुष्कळशी मुले तर आधी लिहू लागली आणि लिहिता लिहिता वाचू लागली. स्वीडनमधील भाषाशास्त्रज्ञ रागनहिल्ड सॉडेरबेरी यांनी तर डोमनचीच पद्धत वापरून आपल्या मुलीला शिकविले आणि काही काळाने ती मुलगी ओळखीच्या शब्दांतून अक्षरांचे नियम स्वतःच शोधू लागल्याची तपशीलवार नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध केली; पण प्रारंभी ती मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची होती आणि बोलत होती. ही उदाहरणे लवकर वाचता येण्याची साक्ष देतात. बोलण्याआधी वाचता येण्याची देत नाहीत. याच्या उलट, ज्या मुलांचे उच्चारवाचन वयाच्या मानाने थक्क करणारे आणि आकलन मात्र अगदी तुटपुंजे असते, त्यांच्या अवस्थेला १९६७ पासून ‘हायपरलेक्सिया’ अशी संज्ञा आहे. भाषेवाचून आलेले अक्षरज्ञान किती पोकळ असू शकते, याचा तो निसर्गाने दिलेला नमुना होय.

शिवाय या घाईने मिळवायचे ते काय, हाही हिशोब पाहावा. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू करणाऱ्या आणि सातव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलांची तुलना केली. अकरा वर्षांच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळेचा रीतसर प्रारंभ सातव्या वर्षी होतो, तरी तेथील लोक निरक्षर राहिलेले नाहीत. दोन वर्षांची आघाडी जर सहा वर्षांत विरून जाते, तर नऊ महिन्यांच्या मुलाला मिळणाऱ्या कल्पित आघाडीसाठी एवढा खटाटोप कशाला?

आपल्या मराठी घरांत या प्रकरणाला एक पदर अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळणारी कार्डे बहुधा इंग्रजी असतात, आणि ज्या मुलाने घरात ‘भूभू’ आणि ‘चेंडू’ हे शब्द ऐकले, त्याच्यापुढे ‘डॉग’ आणि ‘बॉल’ यांची इंग्रजी अक्षरे धरली जातात. म्हणजे ध्वनी परका, लिपी परकी आणि मूल अबोल, अशी तिहेरी अडचण आपण हौसेने निर्माण करतो. याच भूमीवर दुसरी परंपराही नांदली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला सारून बिया, शिंपले, पाने आणि गाणी यांना स्थान दिले, आणि मुलाच्या बोलीला आणि परिसराला अक्षरांच्या आधीचा मान दिला. मारिया मॉन्टेसोरी यांच्या रोममधील बालगृहातही, १९०७ नंतर, खरकागदाच्या अक्षरांवर बोटे फिरविणारी मुले चारेक वर्षांची आणि बोलकी होती.

यावरून तान्ह्या मुलापुढे पुस्तक धरूच नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. अमेरिकेच्या ज्या बालरोग अकादमीने डोमनच्या उपचारांना मान्यता नाकारली, तिनेच २०१४ मध्ये जन्मापासून मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे अशी शिफारस केली, आणि ब्रिटनमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली ‘बुकस्टार्ट’ योजना बाळांच्या घरी मोफत पुस्तके पोचवते. या दोन गोष्टींत विरोध नाही. मांडीवरच्या मुलाला वाचून दाखविताना पान उलटण्याचा मान त्याचा असतो, चित्रातल्या गाईवर त्याने थाप मारली की आई गोष्ट सोडून गाईविषयी बोलते, ते पुस्तक चावते आणि तेही चालते. त्यातून त्याला एकही अक्षर ओळखू आले नाही तरी शब्द मिळतात, वाक्यांचा डौल मिळतो, आणि पानांत काहीतरी ऐकण्याजोगे असते ही खात्री मिळते. पट्टीसमोर बसलेल्या मुलाला यांपैकी एखादाच शब्द, तोही क्षणभर, मिळतो.

तेव्हा जो विक्रेता बोलण्याआधी वाचनाचे आश्वासन देईल, त्याच्यापुढे पालकाने दोनच मागण्या ठेवाव्यात : मुलाने कधी न पाहिलेला शब्द मुलाकडून वाचवून दाखव, आणि त्याचा निवाडा करणारा मनुष्य तुझा किंवा माझा नसू दे. या दोन अटी मान्य होईपर्यंत पैसे खिशात ठेवावेत. न्यूमन यांच्या प्रयोगातील पालकांनी सात महिने रोज वेळ काढला, नियम पाळला, मुलाच्या प्रगतीवर श्रद्धा ठेवली; एवढे भांडवल ज्या घरात आहे त्या घराला संचाची उणीव नव्हतीच. तोच वेळ आंघोळ घालताना, भात भरवताना, गॅलरीतून रस्ता दाखवताना मुलाशी बोलण्यात घातला असता, तर वाचनाची खरी तयारी झाली असती.